लाल पट्टीची वही

तिसरीच्या वर्गाला इंटरनेट शिकवायला पुस्तकबाई जाणार, हे कळल्यावर शिक्षकांच्या खोलीत जो हशा पिकला तो मधली सुट्टी संपली तरी ओसरेना. पुस्तकबाई म्हणजे शाळेच्या ग्रंथपाल. वय चोपन्न, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि फोनवर काही लिहायचं तर उजव्या हाताचं एकच बोट. ते आधी हवेत घिरट्या घालणार आणि अक्षर सापडलं की त्याच्यावर झडप घालणार. "बाई, आधी तुम्हीच शिकवणी लावा," असं चित्रकलेचे सर म्हणाले. बाईंनी त्यांना तिथल्या तिथे आठवण करून दिली, की रंगांचं मोठं पुस्तक त्यांनी गेल्या वर्षी नेलंय ते अजून परत आलेलं नाही. सर चहाच्या कपात बघायला लागले.

झालं होतं असं, की कॉम्प्युटरचे सर वर्गात वायर ओढायला स्वतःच शिडीवर चढले आणि पाय मोडून घेऊन घरी बसले. प्लास्टर सहा आठवड्यांचं. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, ग्रंथालयाच्या दारात उभ्या राहिल्या.

"गुरुवारचा तिसरीचा तास तुमच्याकडे. दुसरं कोणी मोकळं नाही."

"आणि मी मोकळी आहे?"

"तुमची पुस्तकं कुठे पळून जातात का?"

"रोज जातात," बाई म्हणाल्या. "ती परत आणायची, हाच तर माझा उद्योग आहे."

पण तास घेतला. न घेऊन सांगतात कुणाला!

वरून एक पुस्तिका आली होती. चौदा नियम, प्रत्येकापुढे हसरा चेहरा. मुलांना ते चौदाही नियम पाढ्यांसारखे पाठ होते. वर्गात एक मुलगा होता, प्रत्येक गोष्टीवर 'पण बाई' म्हणणारा, त्याला सगळे वकील म्हणत. तो उभा राहिला आणि घडाघडा म्हणाला, "अनोळखी व्यक्तीला आपली खाजगी माहिती देऊ नये." आणि बसता बसता त्याच दमात, "बाई, माझ्या आईच्या फोनचा पासवर्ड माझ्या वाढदिवसाची तारीख आहे, मी अकरा तारखेला झालो." बाईंनी कपाळाला हात लावला आणि पुस्तिका कपाटात ठेवून दिली. टाकली नाही. बाईंनी आयुष्यात कागदाचा कपटा टाकलेला नव्हता. त्यांच्या फोनमध्येसुद्धा सहा हजार फोटो होते, त्यातले निदान शंभर त्यांच्या स्वतःच्या अंगठ्याचे. पुसायचा म्हटलं की त्यांचं बोट मागे यायचं.

मग त्यांनी दोरी बांधली. ग्रंथालयाच्या खिडकीच्या गजापासून ते कोशांच्या कपाटापर्यंत, मुलांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर. घरून कपड्यांचे चिमटे आणले. "हे आपलं इंटरनेट," त्यांनी जाहीर केलं. "ज्याला जे लिहायचं ते लिहून इथे लावा. ज्याला आवडेल त्यानं ते आपल्या कागदावर उतरवून घरी न्यावं. विचारायची गरज नाही."

पहिल्या गुरुवारी नुसती धमाल उडाली. कुणी कोडं लावलं, कुणी कुत्र्याचं चित्र. वकिलानं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मी इंजेक्शनला कधीच रडत नाही.' अकरा जणांनी ते उतरवून घेतलं आणि तो दिवसभर छाती काढून फिरला.

दुसऱ्या गुरुवारी बाई म्हणाल्या, "आता आपापलं परत घ्या."

मधल्या आठवड्यात वकिलाला टोचून घ्यावं लागलं होतं आणि दवाखान्यात त्यानं जो सूर लावला तो वर्गातल्या दोघांनी बाहेरच्या बाकावर बसून ऐकला होता. त्यामुळे त्याला ते कागद परत हवे होते, आणि ताबडतोब हवे होते. तो वर्गभर फिरला. दहा मिळाले. अकरावा एका मुलीच्या घरी फ्रिजवर चिकटवलेला होता आणि तिच्या मावशीनं तो वाचून आणखी कुणाला तरी दाखवला होता.

"पण बाई, मी तर माझा कागद काढून घेतला!" वकील रडकुंडीला आला.

"तुझा काढलास. त्यांचा कसा काढशील?"

वर्ग विचारात पडला. मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे एक राहतंच." त्या दिवसापासून तिसरीत हे वाक्य चलनात आलं. डबा सांडला आणि सगळं पुसूनही डाग राहिला, की म्हणायचं, एक राहतंच. लिहायच्या आधी एकमेकांना विचारायची पद्धतही मुलांनी आपणहून पाडली, "दोरीवर की वहीत?" दोरीवरचं सगळ्यांचं, वहीतलं आपलं. बाईंना इतका आनंद झाला, की चित्रकलेच्या सरांना त्यांनी त्या आठवड्यात पुस्तकाबद्दल विचारलं नाही.

या वर्गात मुंगी होती. आठ वर्षांची, चणीनं लहान, सदा काहीतरी उचलून कुठेतरी घेऊन निघालेली, म्हणून मुंगी. मधल्या सुट्टीत बाकीची मुलं मैदानात आणि ही ग्रंथालयातल्या खालच्या टेबलापाशी वही उघडून. कुणी न सांगता लिहायची. महिन्याला एक वही संपवायची. बाई कामाच्या निमित्तानं टेबलाजवळून जायच्या आणि ती कधी वही त्यांच्याकडे वळवायची, कधी हातानं झाकायची. झाकली की बाई निमूट पुढे जायच्या. बत्तीस वर्षांच्या नोकरीत अशी मुलं बोटांवर मोजण्याइतकी आली होती. मुंगीवर बाईंचा जीव होता, आणि तो त्या लपवतही नव्हत्या.

मुंगीला ग्रंथालयाचे सगळे नियम माहीत होते. लाल पट्टीचा सगळ्यात जास्त आवडायचा. शब्दकोश, नकाशांचं पुस्तक, असे मोठे ग्रंथ घरी न्यायला मिळत नाहीत. त्यांच्या पाठीवर बाई लाल कागदाची पट्टी चिकटवतात. तिचा अर्थ, इथे बसून वाचा, बाहेर न्यायचं नाही. पट्ट्या बाईंच्या टेबलाच्या खणात असायच्या आणि कातरायचं काम कधीमधी मुंगीला मिळायचं.

तिसऱ्या गुरुवारी विषय होता, 'आमच्या घरातली मला आवडणारी गोष्ट'. दोरीवर आजोबांची घोरण्याची तऱ्हा आली, गच्चीवरची टाकी आली, वकिलाचा नवा पंखा आला. मुंगीनं वहीत लिहिलं. लिहून झाल्यावर वही बाईंपुढे धरली आणि हळूच बजावलं, "हे वहीतलं आहे हं, बाई."

तिनं लिहिलं होतं:

'बाबा आता हॉलमध्ये सोफ्यावर झोपतात. सोफा आखूड आहे म्हणून त्यांचे पाय बाहेर येतात. सकाळी उठले की मला आधी पाय दिसतात. मग मी गुदगुल्या करते. आई म्हणते थोडेच दिवस. सोफा बदलू नये असं मला वाटतं.'

बाईंनी ते पान दोनदा वाचलं. तेवढ्यात घंटा झाली आणि मुंगी बाटली भरायला नळाकडे पळाली. वही उघडीच राहिली टेबलावर. बाईंनी इकडे तिकडे पाहिलं आणि फोन काढून त्या पानाचा फोटो घेतला. कुणाला दाखवायला नव्हे, आपल्यापाशी असावा म्हणून. एवढं सुंदर पान नळावरून येईपर्यंत मिटलं जाणार, हे त्यांना सोसवलं नाही. मुंगी आली, वही घेऊन गेली.

शुक्रवारी मोठ्या बाईंनी फर्मान सोडलं, की दोरीचे फोटो पालकांच्या ग्रुपवर टाका, लोकांना कळू दे शाळेत काय चाललंय. बाईंनी दोरीवरच्या प्रत्येक कागदाच्या मालकाला विचारलं. दोघांनी नको म्हटलं, त्यांचे कागद वगळले. इतकी डोळ्यांत तेल घालून काळजी घेतल्यावर संध्याकाळी घरी जेवणाच्या टेबलापाशी बसून त्यांनी त्या एका बोटानं पाच फोटो निवडले आणि पाठवले. गेले सहा.

शनिवार-रविवार ग्रुपवर फुलं आली, हृदयं आली, 'किती गोड' आलं, 'डोळे भरून आले' आलं. बाईंना वाटलं, दोरीचं कौतुक. त्यांनी नवऱ्यालाही दाखवलं. मध्येच कुणीतरी विचारलं होतं, 'अक्षर कुणाचं?' आणि कुणीतरी उत्तरही दिलं होतं. बाई तिथपर्यंत पोचल्याच नाहीत. एक बोट किती वर सरकवणार?

सोमवारी मुंगीची आई आली. कामावरून अर्धी सुट्टी काढून, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. तिनं आपला फोन टेबलावर ठेवला आणि सहावा फोटो उघडला.

"मी माझ्या सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "काल जिन्यात शेजारीण भेटली. मला म्हणते, काही मदत लागली तर सांगा हं, आणि सोफा कम बेड चांगले मिळतात."

बाईंनी फोन जवळ ओढून पाहिला. "माझं बोट... अहो, चुकून गेलं हो. मला पाच..."

"चुकून गेलं ते कळलं मला. मी भांडायला नाही आले, बाई. माझ्या घरात काय चाललंय ते माझं मी निस्तरीन. पण तिला कुणीतरी विचारलं, तुझे बाबा सोफ्यावर का झोपतात. तेव्हापासून तिनं वही उघडलेली नाही. गृहपाठाचीसुद्धा नाही. पेन्सिल हातात दिली तर खाली ठेवते." तिचा आवाज इथे पहिल्यांदा हलला. "या दोन महिन्यांत घरात एवढं झालं, पण ही पोर लिहून लिहून हसत होती. तिचं तेवढं होतं. तेवढं तिला परत मिळवून द्या. मला माफी नको."

ती गेल्यावर बाई ऑफिसातल्या कारकुनाकडे धावल्या. त्यानं सांगितलं, पाठवलेलं सगळ्यांच्या फोनमधून एकदम काढून घ्यायची सोय असते, पण तिला मुदत असते, आणि ती उलटून गेलीय. आता ज्याच्या त्याच्याकडे. बाईंना दोरी आठवली, वकील आठवला, आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

मुंगी मधल्या सुट्टीत आली नाही. खालचं टेबल रिकामं होतं.

संध्याकाळी बाई नवऱ्यापाशी बसल्या. नवरा निवृत्त पोस्टमन. आयुष्यभर चालला, आता बाल्कनीत बसून पायांना विश्रांती देतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"पोस्टकार्ड उघडंच असतं," तो म्हणाला. "पाकिटाचं बरं, ते डिंकानं बंद. पण कार्ड हातात आलं की डोळे जाणारच. आम्ही सगळे वाचायचो. मात्र बोलायचो नाही. एकदा मी बोललो."

"कधी? मला नाही सांगितलंत."

"सांगण्यासारखं काय आहे त्यात? एका मुलीचं निकालाचं कार्ड होतं. ती फाटकात वाट बघत उभी. मी लांबूनच ओरडलो, पास झालीस गं! मला वाटलं, ती उड्या मारेल. तिनं कार्ड घेतलं, वाचलं, आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या ताटातला पहिला घास खाल्ला."

"मग काय केलंत?"

"काय करणार? दुसऱ्या दिवसापासून कार्डं उलटी धरून न्यायला लागलो. पत्ता वर, मजकूर खाली." त्यानं तळवा पालथा करून दाखवला. "तिला काय सांगणार आहेस?"

"चुकून गेलं म्हणून," बाई म्हणाल्या.

बुधवारी बाईंनी मुंगीला व्हरांड्यात गाठलं. पुढे काय करायचं ते त्यांनी ठरवलं होतं. पण आता विचारल्याशिवाय काही करायचं नाही, हेही ठरवलं होतं.

"उद्या मी माझी चूक लिहून दोरीवर लावू का? तुझं नाव नाही लिहिणार."

मुंगी भिंतीचा रंग नखानं खरवडत होती. "सगळ्यांना माहीतच आहे."

"तरी विचारते."

तिनं रंगाचा एक पोपडा पूर्ण सोडवला. शेवटी ती म्हणाली, "लावा. पण सोफा लिहू नका."

चौथ्या गुरुवारी दोरीवर एकच कागद होता. बाईंच्या वळणदार अक्षरात: 'वहीतली गोष्ट माझ्या हातून दोरीवर गेली. जिची होती तिला त्रास झाला. चूक माझी आहे.' खिडकीतून पलीकडच्या वर्गाचे पाढे ऐकू येत होते. बाईंना वाटलं होतं, कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. कागद उतरवून घ्यायला कुणी हातही लावला नाही, आणि मुंगी आपल्या बुटांकडे बघत बसून राहिली.

"पण बाई," वकील उठला, "मग परत गोळा करायला पाहिजेत ना? मी नव्हते का केले?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. बाईंनी ग्रंथालयाची कोरी नोंदवही काढली, रेघा आखल्या. कुणाकडे गेलं, परत कधी आलं. ग्रुपवर एकतीस घरं होती. आठवडाभर बाई रोज दुपारी एकेका घरी फोन लावत होत्या. त्यांनी ग्रुपवर एक निरोप टाकून काम उरकलं नाही. निरोपानं पुन्हा सगळ्यांनी तो फोटो शोधून पाहिला असता, एवढं आता त्यांना कळत होतं. "तो सहावा फोटो काढून टाका, आणि पुढे कुणाला पाठवला असेल तर तिथूनही," असं त्या सांगत. बहुतेकांनी लगेच ऐकलं. एक गृहस्थ म्हणाले, "अहो, एवढं काय, किती निरागस आहे ते!" बाई म्हणाल्या, "निरागस आहे म्हणूनच परत मागतेय." पुस्तक परत मागायचा बत्तीस वर्षांचा सराव होता, चिकाटीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मुलांनीही घरोघरी आईबाबांच्या मागे लागून त्यांना नकोसं करून सोडलं. वकिलाच्या आईनं तर मुलापुढे फोन धरून, "झालं समाधान?" असं विचारलं, आणि पासवर्डही बदलला.

पाचव्या गुरुवारी बाई नोंदवही घेऊन वर्गापुढे उभ्या राहिल्या. एकतीस घरं, एकतीस खुणा. त्यांनी एकेक ओळ वाचून दाखवली आणि वही मिटली. "सगळे परत आले," त्या म्हणाल्या. त्यांना खरंच हायसं वाटलं होतं.

"तुमचा?"

दोन आठवड्यांत वर्गानं मुंगीचा आवाज ऐकलेला नव्हता. बाईंना आधी समजलंच नाही.

"माझा काय?"

"तुमच्या फोनमधला."

बाईंचा हात आपसूक फोनकडे गेला. तो होता. सहा हजार फोटोंमध्ये होता, आणि एरवी काही म्हणता काही न सापडणाऱ्या बाईंना तो बरोबर सापडायचा. रोज संध्याकाळी त्या तो एकदा उघडून बघायच्या. नोंदवहीत एकतीस नावं लिहिताना त्यांना आपलं नाव सुचलं नव्हतं. की सुचूनही लिहिलं नव्हतं? त्या मुलांसमोर त्यांना स्वतःशीही खोटं बोलता येईना.

"आहे," त्या म्हणाल्या.

मुंगी जागेवरून उठून टेबलापाशी आली. तिला जे विचारायचं होतं ते तिनं बरेच दिवस मनात तयार ठेवलेलं असावं, कारण ती कुठे अडखळली नाही.

"ग्रुपवर चुकून गेला. पण काढला चुकून नव्हता ना?"

दोन आठवडे बाई सगळ्यांना बोटाची गोष्ट सांगत होत्या. आईला, मोठ्या बाईंना, एकतीस घरांना. सगळ्यांनी ती मान्य केली होती. बोट बिचारं कुठे बोलणार होतं?

"नाही," बाई म्हणाल्या. "तू पाणी भरायला गेलीस तेव्हा काढला. मला ते पान फार आवडलं होतं. आपल्याजवळ असावं असं वाटलं."

"मग मला सांगायचं ना, आवडलं म्हणून."

बाईंना आठवलं, की मुंगीनं वही पुढे धरली तेव्हा त्या एक शब्दही बोलल्या नव्हत्या. पान दोनदा वाचलं होतं, तेवढंच. पोरीनं आपलं सगळ्यात जपलेलं पान दाखवलं आणि तिला परत मिळालं ते परक्या कुणाच्या तोंडून. बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि वर्गासमोर आलं. त्यांनी ते पुसलं नाही.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "फोटो काढला तिथेच चुकलं." आणि त्यांनी फोन उघडून मुंगीच्या हातात दिला.

मुंगीनं ते पान एकदा पूर्ण वाचलं, ओठ हलवत. मग दाबलं. फोटो गेला.

"पण बाई," वकील बाकावर गुडघे टेकून वर आला होता, "तो डिलीटच्या डब्यात असतो! तीस दिवस! एक राहतंच!"

वर्गाला हसू फुटलं, बाईंनाही फुटलं, रडता रडता. वकील सल्लागार म्हणून पुढे आला, डबा कुठे असतो ते त्यानं लांबूनच दाखवलं, फोनकडे पाठ करून, कारण फोटो बघायचा नव्हता. मुंगीनं तिथूनही तो काढला. फोन बाईंना परत देताना ती हसली नाही. पण त्या दिवशी भाषेच्या तासाला तिनं फळ्यावरची तारीख लिहून घेतली, असं तिच्या वर्गशिक्षिका सांगत आल्या. नुसती तारीख. बाईंना तेवढीही पुष्कळ वाटली.

सहावा गुरुवार हा बाईंचा शेवटचा. कॉम्प्युटरचे सर काठी टेकत सोमवारी येणार होते, आणि दोरी ठेवायची की काढायची यावर वर्गात मतदान होऊन ती ठेवायचं ठरलं होतं. तास संपला, मुलं गेली. मुंगी मागे राहिली. तिच्या हातात नवी वही होती.

"पट्टी द्या," ती म्हणाली.

"कसली?"

"लाल."

बाईंनी खण उघडला. मुंगीनं एक पट्टी निवडून घेतली, डिंक लावला, वहीच्या पाठीवर नीट बसवली आणि कडा अंगठ्यानं दाबल्या. मग खुर्ची ओढून वर चढली आणि कोशांच्या कपाटात, शब्दकोश आणि नकाशांचं पुस्तक यांच्या मधोमध ती वही उभी ठेवली. खाली उतरली, हात झटकले.

"इथे बसून वाचायचं," तिनं बाईंना बजावलं. "बाहेर न्यायचं नाही."

"नाही नेणार."

"आणि वाचलं की मला सांगायचं."

मधल्या सुट्टीत बाईंनी फोन खणात ठेवला आणि खण बंद केला. वही काढून घेतली. त्या छोट्याशा खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या आणि हात पुसून वही उघडली. एकच पान लिहिलेलं होतं. त्यांनी ते हळूहळू वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. नंतर मैदानात गेल्या, दोरीउड्यांची रांग चालली होती तिथे मुंगीपाशी थांबल्या आणि वाकून म्हणाल्या, "मला फार आवडलं. शेवटचं वाक्य तर फारच." मुंगीनं मान डोलावली, जणू हे तिला अपेक्षितच होतं, आणि तिची पाळी आली म्हणून ती पळाली. बाई तिथेच उन्हात उभ्या राहिल्या. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

घरी नवऱ्यानं विचारलं, "लिहिलं का पोरीनं?"

"लिहिलं."

"काय लिहिलंय?"

बाईंनी टेबलावर हात ठेवला, तळवा खाली करून. पोस्टमनला कळलं. तो हसला आणि चहा ओतायला उठला.

तेव्हा ते पान इथेही येणार नाही. सोफ्याचं पान या गोष्टीत येऊन गेलं, ते आता तुमच्याकडेही आहे आणि त्याला काही इलाज नाही. हे दुसरं लाल पट्टीचं आहे. ते वाचायचं तर त्या शाळेत जावं लागेल, खालच्या टेबलापाशी लहान खुर्चीवर बसावं लागेल, आणि त्याच्याही आधी मुंगीला विचारावं लागेल.